मम्वाणीचं देऊळ

अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दारावर, आतल्या अंगाला, कोरीव अक्षरांच्या काही ओळी आहेत. सभामंडपातल्या अंधुक उजेडात त्या चटकन दिसत नाहीत. दर्शनाला आलेला माणूस बहुधा पश्चिमेच्या दारातून आत येतो, नंदीला हात लावतो आणि सरळ गाभाऱ्याकडे वळतो. उत्तरेच्या दाराशी थांबून मान वर करण्याचं त्याला काही कारण नसतं. पण या देवळाने स्वतःबद्दल जे सांगितलं आहे ते नेमकं तिथेच लिहून ठेवलं आहे. लिपी नागरी, भाषा संस्कृत, शक ९८२, आणि राजाचं नाव महामंडलेश्वर मम्वाणी. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे हे वर्ष १०६०. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या सहाशे वर्षं आधीचं.

बाहेर अंगणात मात्र हे नाव सहसा कानावर पडत नाही. देऊळ कोणी बांधलं असं विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं उत्तर पांडवांचं. वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत देऊळ उभारलं, कोंबडा आरवला आणि कळस राहून गेला. महाराष्ट्रात अर्धवट राहिलेल्या किंवा कोसळलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बांधकामाची ही कथा आहे, आणि तिचा मला राग येत नाही. एवढे मोठे दगड माणसाच्या हातांनी इतके नाजूक कोरले जातात यावर विश्वास बसत नाही, म्हणून लोक भीमाला बोलावतात. त्यात कारागिराचा गौरवच आहे, फक्त त्याचं नाव नाही.

दुसरं उत्तर जरा शिकल्यासवरल्या माणसाचं असतं: "हेमाडपंती आहे." चुना न वापरता, दगडावर दगड बसवून बांधलेलं कुठलंही काळ्या पाषाणाचं देऊळ आपल्याकडे हेमाडपंती ठरतं. त्यामुळे देवळाचा काळ, राजवट, शैली हे सगळे प्रश्न एका फटक्यात मिटतात आणि पुढे कोणी काही विचारत नाही. अंबरनाथच्या बाबतीत या उत्तरामुळे जे होतं ते फार वाईट होतं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

हेमाद्री म्हणजे हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मोठा अधिकारी. महादेव आणि त्याच्यानंतर रामचंद्र या राजांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा धर्मशास्त्रावरचा प्रचंड ग्रंथ. अंबरनाथच्या शिलालेखातलं साल आणि हेमाद्रीचा काळ यांत दोनशे वर्षांचं अंतर आहे. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. मम्वाणी ज्या घराण्याचा, त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य बुडवलं ते हेमाद्रीच्याच धन्याने. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर महादेव यादवाने १२६५ च्या सुमाराला स्वारी केली. जमिनीवर हार झाल्यावर सोमेश्वर जहाजातून समुद्रात गेला आणि तिथेच त्याचा अंत झाला. हे आपल्याला कुठून कळतं, तर हेमाद्रीच्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीतून. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं वर्णन तिथे महादेवाचा पराक्रम म्हणून मोठ्या अभिमानाने आलं आहे. ज्या मंत्र्याने शिलाहारांच्या शेवटाची प्रशस्ती लिहिली, त्याच्याच नावावर आज आपण शिलाहारांचं सर्वांत सुंदर देऊळ चढवतो. मम्वाणीवर याहून मोठा अन्याय कोणता होऊ शकेल, मला सुचत नाही.

बोरिवलीजवळ एकसरला काही वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर वल्ही मारणारी जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक या शिल्पांचा संबंध सोमेश्वराच्या त्या शेवटच्या लढाईशी जोडतात, तर काही त्याही आधीच्या, माळव्याच्या परमारांच्या कोकणस्वारीशी. निकाल काहीही लागो, समुद्रावर लढणाऱ्या माणसांच्या आठवणीत दगड उभे करणारा हा मुलूख होता, हे त्यावरून दिसतं.

शिलाहारांच्या तीन शाखा होत्या. एक दक्षिण कोकणात, एक कोल्हापूरकडे आणि एक उत्तर कोकणात. तिन्ही शाखांचे राजे आपल्याला 'तगरपुराधीश्वर' म्हणवत, म्हणजे आपलं मूळ तगर नगरीत, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये सांगत. विद्याधर जीमूतवाहन हा त्यांचा पुराणातला पूर्वज आणि गरुड हे त्यांचं चिन्ह. आधी राष्ट्रकूटांचे, पुढे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून ते राहिले. शिलालेखातलं 'महामंडलेश्वर' हे पद त्याचंच द्योतक. वर कोणीतरी सम्राट आहे हे मान्य करून आपल्या मुलखात जवळजवळ स्वतंत्रपणे राज्य करणारा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता.

हा मुलूख श्रीमंत होता, आणि ही श्रीमंती बंदरांची होती. सोपारा, ठाणे, चौल, कल्याणची खाडी. अरब प्रवासी अल् मसूदी ९१६ मध्ये चौलला आला होता. तेव्हा तिथे झंझ नावाचा राजा होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. चौलमध्ये दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीला होते, असंही तो सांगतो. बंदरात उतरलेला माल घाटावर चढायचा तो कल्याणच्या खाडीतून आत येऊन. अंबरनाथ त्या खाडीपासून घाटाकडे जाणाऱ्या पट्ट्यात, वालधुनी नदीच्या काठी आहे. असं कोरीव देऊळ उभं करायला राजाचा हुकूम लागतो तसा वर्षानुवर्षं पाथरवटांचा संसार चालवणारा पैसाही लागतो, आणि तो पैसा जकातीच्या नाक्यांवर जमत होता.

छित्तराज, नागार्जुन आणि मम्वाणी हे तिघे भाऊ एकामागून एक ठाण्याच्या गादीवर आले. छित्तराजाचा शक ९४८ चा, म्हणजे १०२६ चा ताम्रपट भांडुपला सापडला. त्यात ठाणे आहे, साष्टी आहे, आणि आपण रोज लोकलमधून ज्या भागातून जातो तिथलं एक शेत ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. त्याच ताम्रपटात राजाच्या मंत्र्यांची नावं आहेत: नागणैय, सीहपैय. ही नावं कानडी वळणाची आहेत. कर्नाटकाशी चालणारा व्यवहार पाहायला तर वेगळा अधिकारीच नेमलेला होता. अंबरनाथच्या लेखातही राजाच्या पाठोपाठ अशाच '–ऐय' शेवट असलेल्या अधिकाऱ्यांची रांग लागते. म्हणजे ठाण्याच्या दरबारात संस्कृतात दानपत्र लिहिलं जात होतं, कारभाऱ्यांच्या घरांत कानडीचे संस्कार होते, आणि प्रजेची भाषा हळूहळू दगडावर उतरू लागली होती. अलिबागजवळच्या आक्षीचा, शक ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेख याच शिलाहारांच्या राज्यातला आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते.

मम्वाणीचं, म्हणजेच मुम्मुणीचं, राज्य काही शांततेत गेलं नाही. दक्षिणेकडून गोव्याचे कदंब चढत होते. धारवाडजवळच्या नरेंद्र गावात कदंबांचा एक शिलालेख आहे. गोव्याचा षष्ठदेव ठाण्याला आला तेव्हा मुम्मुणीने त्याचं मोठं स्वागत केलं, आपली मुलगी त्याला दिली आणि सोबत पाच लाख सुवर्णमुद्रा दिल्या, असं त्यात म्हटलं आहे. हे कदंबांच्या बाजूचं लिखाण आहे. त्यामुळे सत्काराच्या शब्दांमागे हरलेल्या राजाने केलेला तह असावा, असं मानायला बरीच जागा आहे. अशा राजाच्या कारकिर्दीत अंबरनाथचं काम पुरं झालं. सुरुवात बहुधा थोरल्या भावाने, छित्तराजाने, केली असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. भावाने घातलेला पाया भावाने पुरा केला, आणि मधल्या वर्षांत राज्याला धक्के बसत असतानाही पाथरवटांची छिन्नी थांबली नाही.

शिलालेखातलं साल कळायलाही वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात लेख प्रथम वाचला गेला तेव्हा पहिला अंक सात समजून शक ७८२ असं वाचन झालं. म्हणजे ८६० साल. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो अंक नऊ आहे हे दाखवलं आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं. एका झिजलेल्या अंकाने किती फरक पडतो पाहा. ८६० धरलं तर देऊळ राष्ट्रकूटांच्या भरभराटीच्या काळात जातं, वेरूळच्या कैलासाच्या जवळ. मग त्याची शैली कुठेच बसत नाही, कारण असं शिखर त्या काळात कोणी बांधलेलं दिसत नाही. १०६० धरलं की सगळं जागच्या जागी येतं. भगवानलालांनी घडवलेली ही शिस्त पुढे वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे कोरीव लेख एकत्र करून पुरी केली. शिलाहारांविषयी आज जे काही ठामपणे बोलता येतं त्याचा बराचसा भाग मिराशींच्या त्या कामावर उभा आहे.

आता शैलीकडे येऊ. त्यासाठी आधी देवळात न शिरता बाहेरून एक फेरी मारावी. घाई करू नये. पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की भिंत कुठेच सरळ जात नाही. ती टप्प्याटप्प्याने पुढे येते, कोनात वळते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. जोत्यापासून वरपर्यंत या घड्या तशाच चढत जातात. यातून दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे मूर्तींना जागा मिळते, कारण प्रत्येक पुढे आलेला भाग म्हणजे एक देवकोष्ठ किंवा एका सुरसुंदरीचं ठिकाण. दुसरी गोष्ट उन्हाची. कोकणातलं ऊन सपाट काळ्या भिंतीवर पडलं तर भिंत नुसती काळी दिसते. इथे प्रत्येक घडीत एक उजळ कड आणि एक सावलीची रेघ तयार होते आणि सूर्य सरकेल तशी ती सरकते. सकाळी पाहिलेली भिंत दुपारी वेगळी दिसते. पाथरवटांना हे पक्कं ठाऊक होतं, नाहीतर त्यांनी कोरीव कामाची खोली ठिकठिकाणी इतकी बदलली नसती.

जोत्याच्या थरांत कीर्तिमुखं आहेत, हत्तींची रांग आहे, माणसांची रांग आहे. त्यांवर जंघेचा भाग, म्हणजे मुख्य मूर्तींचा पट्टा, आणि त्यावर शिखर. शिखर अर्धंच उरलं आहे. वरचा भाग कोसळला की पुराच झाला नाही, यावर मतं वेगळी आहेत. पण जे उरलं आहे त्यावरून त्याची जात स्पष्ट ओळखता येते. चारही दिशांना मधोमध एकेक उभा पट्टा तळापासून वर जातो, त्यावर जाळीदार नक्षी आहे. या पट्ट्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या आडव्या ओळी एकावर एक रचलेल्या आहेत, प्रत्येक लहान शिखर आपल्या छोट्या खांबावर उभं. वर जाऊ तसा त्यांचा आकार कमी होत जातो. देवळाच्या अंगावर देवळांची शेकडो छोटी रूपं. या शैलीचं नाव भूमिज.

भूमिज शैलीचं माहेर माळवा. धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथात भूमिज प्रासादांचं वर्णन येतं. मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यात उदयपूर नावाचं गाव आहे. तिथलं उदयादित्य परमाराचं उदयेश्वर मंदिर हा या शैलीचा सर्वांत देखणा नमुना मानतात. ते १०८० चं. अंबरनाथ त्याहून वीस वर्षांनी जुनं आहे. म्हणजे साल नक्की ठाऊक असलेल्या अगदी जुन्या भूमिज देवळांत आपल्या ठाणे जिल्ह्यातलं हे देऊळ मोडतं.

माळव्याची शैली कोकणात आली कशी? याचं पुराव्यानिशी उत्तर देता येत नाही, पण एक धागा माझ्या डोक्यातून जात नाही. भोजाचे १०२० सालचे दोन ताम्रपट आहेत, बांसवाडा आणि बेटमा इथे सापडलेले. कोकण जिंकल्याच्या निमित्ताने दान दिल्याचं त्यांत म्हटलं आहे. म्हणजे छित्तराज गादीवर येण्याच्या थोडं आधी माळव्याचं सैन्य कोकणात उतरलं होतं. ते फार टिकलं नाही, शिलाहार पुन्हा सावरले. पण सैन्याच्या मागे वाटा तयार होतात, आणि त्या वाटांवरून सूत्रधार आणि त्यांचे आराखडेही फिरतात. शत्रूच्या राज्यात बहरलेली शैली शिलाहारांनी स्वतःच्या देवळासाठी निवडली, तिला कोकणच्या काळ्या बेसॉल्टमध्ये उतरवलं, आणि ती इतकी आपली करून टाकली की पुढे सिन्नरच्या गोंदेश्वरापासून मालेगावजवळच्या झोडग्याच्या माणकेश्वरापर्यंत भूमिज देवळं महाराष्ट्रात रुजली. हे युद्धामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. मात्र देऊळ एका राज्याच्या चार भिंतींत घडत नाही, एवढं अंबरनाथकडे पाहून खात्रीने म्हणता येतं.

बेसॉल्टविषयी एक शब्द. माळव्यातल्या अनेक देवळांना लाभलेला वालुकाश्म मऊ असतो, त्यावर बारीक काम सहज होतं. आपला बेसॉल्ट कठीण. त्यात ठिकठिकाणी सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या असतात, आणि छिन्नी नेमकी तिथे पोहोचली की कपची उडते. एखाद्या मूर्तीच्या बोटावर शेवटचा हात फिरवताना अशी पोकळी निघाली तर महिन्यांचं काम वाया जायचं. अंबरनाथच्या मूर्तींचे दागिने, केशरचना, बोटांच्या मुद्रा पाहताना हे मनात ठेवावं.

आता आत. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन दारं आहेत आणि प्रत्येक दारापुढे खांबांचा मुखमंडप. आतला सभामंडप सुमारे २३ फूट चौरस, म्हणजे तसा लहानच. मधोमध चार खांब. हे खांब खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल होत वर जातात, आणि त्यांच्यावर देवळातलं सर्वांत कौशल्याचं काम आहे. त्याला वितान म्हणतात, म्हणजे छत. चार खांबांवरच्या तुळयांनी एक चौकोन होतो. त्याच्या कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकून अष्टकोन केला जातो. मग त्यावर दगडांची वर्तुळं एकावर एक चढतात, प्रत्येक वर्तुळ खालच्यापेक्षा थोडं आत सरकलेलं. शेवटी मधे उरतं एक लहान भोक, आणि ते कोरीव कमळाने बंद होतं. हे कमळ खाली लोंबत असल्यासारखं दिसतं. इथे खरी कमान नाही. प्रत्येक शिळेचा मागचा भाग भिंतीच्या वजनाखाली दाबला गेला आहे, म्हणून पुढचा भाग अधांतरी राहू शकतो. वरचं वजन काढलं तर छत ढासळेल. चुन्याचा लेप किंवा लोखंडी आधार नसताना साडेनऊ शतकं कोकणच्या पावसात हे छत टिकलं ते केवळ वजनाच्या हिशोबावर.

गाभारा मात्र वेगळाच अनुभव आहे. तो मंडपाच्या पातळीवर नाही. अंतराळातून, म्हणजे मंडप आणि गाभारा यांच्यामधल्या जागेतून, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. खाली साधारण साडेतेरा फूट चौरस जागा, भिंती जवळजवळ साध्या, आणि जमिनीत स्वयंभू मानलं जाणारं लिंग. वर पाहिलं तर शिखराच्या पोकळीतून आकाश दिसतं, कारण शिखराचा माथा शिल्लक नाही. बाहेर हात ठेवायला जागा नाही इतकं कोरीव काम आणि आत हा साधेपणा, असं का? काहींना वाटतं की आतली सजवलेली शिळा नंतर कोणी काढून नेली. मला मात्र शैव देवळांतली एक रीत इथे दिसते. बाहेर देवाची असंख्य रूपं, कथा, नृत्य, युद्ध; आत आलं की ती सगळी मागे पडतात आणि फक्त लिंग उरतं. ज्याने हा आराखडा केला त्याला हा उतार हवा होता, नाहीतर इतक्या खाली गाभारा खोदण्याचे कष्ट त्याने घेतलेच नसते.

बाहेरच्या मूर्तींकडे पुन्हा एकदा जायला हवं, कारण पहिल्या फेरीत त्या कळत नाहीत. नाचणारा शिव आहे. हत्तीचं कातडं पाठीमागे ताणून धरलेला गजासुरसंहार आहे. हडकुळी, भयंकर चामुंडा आहे. शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा आहे. त्यात लाजरी पार्वती आणि तिच्यापुढे हात केलेला शिव शोधावा लागतो, कारण झीज बरीच झाली आहे. तीन मुखांची एक मूर्ती आहे, तिच्या मांडीवर देवी बसलेली. अशा एकत्र मूर्तींत शिव, विष्णू, ब्रह्मा आणि कधी सूर्यसुद्धा एकाच देहात कोरत. शैव देवळाच्या भिंतीवर बाकीच्या देवांना जागा होती, पण त्यांना शिवाच्या शरीरात सामावून घेऊन. आणि मग आहेत ती माणसं: जटा बांधलेले आचार्य, त्यांच्यापुढे बसलेले शिष्य. मोठमोठ्या मूर्तींच्या शेजारी ही आकाराने छोटी शिल्पं पटकन डोळ्यांतून निसटतात. मला ती सर्वांत मोलाची वाटतात, कारण त्यांतून कळतं की देवळात फक्त पूजा होत नव्हती. इथे शैव गुरूंची परंपरा होती, शिकवणं आणि शिकणं होतं. राजा देऊळ बांधायचा तो त्या गुरूंच्या शब्दावर.

या देवळाची आधुनिक काळातली एक गोष्ट मुंबईकरांनी विसरू नये अशी आहे. १८६८ मध्ये सरकारने अंबरनाथची पद्धतशीर नोंद करायचं ठरवलं. हिंदुस्थानात एखाद्या देवळाचं असं काम होण्याची ती अगदी सुरुवातीची वेळ. ते सोपवलं गेलं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कला शाळेकडे. शाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी आणि त्यांचे विद्यार्थी अंबरनाथला गेले. त्यांनी मापं घेतली, रेखाटनं केली, छायाचित्रं काढली आणि मूर्तींचे प्लास्टरचे ठसे घेतले. पाश्चात्त्य पुतळ्यांच्या प्रतिकृतींवर हात बसवणाऱ्या एतद्देशीय मुलांना शिलाहारकालीन पाथरवटाची रेघ पहिल्यांदा बोटांनी चाचपायला मिळाली. ठसा घेताना प्रत्येक वळणावरून हात फिरवावा लागतो, तिथे नजरेची चूक चालत नाही. आज ज्या शिल्पांचे नाकडोळे झिजून गेले आहेत, त्यांचं दीडशे वर्षांपूर्वीचं रूप कळायला त्या वेळची रेखाटनं आणि छायाचित्रं हाच आधार आहे.

देऊळ आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याच वेळी ते जागतं देऊळही आहे. महाशिवरात्रीला इथे प्रचंड यात्रा भरते. सोमवारी, श्रावणात रांगा असतात. दोन्ही गोष्टी एकत्र नांदवणं सोपं नाही. दूध, पाणी, तेल, हळदकुंकू, हातांचा स्पर्श या सगळ्यांनी दगड झिजतो. पण पूजाच थांबली असती तर अंबरनाथचे दगड कधीच आसपासच्या घरांच्या पायात गेले असते, हेही तितकंच खरं. मला जास्त काळजी वाटते ती शेजारच्या वालधुनीची. कारखान्यांच्या सांडपाण्याने ही नदी वर्षानुवर्षं रंग बदलत आली आहे. देवळाची जागा निवडताना मम्वाणीच्या सूत्रधाराने जे पाणी पाहिलं होतं त्याची कल्पनाही आज काठावर उभं राहून करता येत नाही. संरक्षित हद्दीच्या आत गवतसुद्धा परवानगीशिवाय उपटायचं नाही, आणि हद्दीला लागून वाहणाऱ्या पाण्यात काहीही सोडलं तरी चालतं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

जायचं असेल तर यात्रेचा आणि सोमवारचा दिवस टाळावा आणि दोन वेळा तरी प्रदक्षिणा करावी. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दर्शनी भाग उतरत्या दुपारी उजळतो. गाभाऱ्याच्या मागची बाजू सकाळची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवरच्या मूर्ती दिवसभर सावल्यांसह वाचता येतात. उत्तरेच्या दारावरचा लेख पाहायचा तर मंडपात शिरून थोडा वेळ थांबावं, डोळे अंधाराला सरावले की अक्षरं दिसू लागतात. हात लावू नये, पीठ किंवा खडू फासून अक्षरं उठवण्याचा मोह तर अजिबात नको. गावोगावचे कित्येक लेख असल्या उत्साहाने आणि त्यांच्यावर फासलेल्या ऑइलपेंटने वाचण्यापलीकडे गेले आहेत.

अंबरनाथ पाहिल्यावर शक्य तितक्या लवकर सिन्नरला जाऊन गोंदेश्वर पाहावा. तिथे भूमिज शिखर माथ्यापर्यंत शाबूत आहे, भोवती चार उपमंदिरं आहेत, आणि अंबरनाथच्या गाभाऱ्यावर जे नाहीसं झालं आहे ते पुरं झालं तर कसं दिसतं, ते तिथे समजतं. गोव्याकडे जाणं झालं तर तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर चुकवू नये. ज्या कदंबांनी मुम्मुणीकडून मुलगी आणि सुवर्णमुद्रा घेतल्या, त्यांच्याच राजवटीत पुढे जंगलात उभं राहिलेलं हे देऊळ. तिथे दगड तोच काळा बेसॉल्ट आहे, पण शिखराचं वळण दक्षिणेकडचं, कर्नाटकी.